मार्बलची फरशी आणि बाळाचा वरण-भात

प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडला एका जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. घरमालकीण काकू खालच्याच मजल्यावर असतात. घराला पांढऱ्या मार्बलची फरशी आहे आणि काकूंचा तिच्यावर फार जीव आहे. घर देताना त्यांनी एवढी एकच गोष्ट जपायला सांगितली होती. आमची मुलगी १३ महिन्यांची आहे. तिला कुणी भरवलेले चालत नाही. प्रत्येक जेवणानंतर वरण, ताक, नाचणीची पेज आणि भाताची शिते अर्ध्या खोलीत पसरलेली असतात. तिच्या जेवणाच्या जागी एक पिवळा डाग बसला आहे आणि पाच-सहा ठिकाणी चकाकी गेल्यासारखे पांढुरके ठिपके दिसू लागले आहेत, ते कितीही पुसले तरी जात नाहीत. सासूबाई म्हणतात, आणखी वर्षभर आपणच भरवू. मला ते पटत नाही, पण अनामत रकमेची आणि काकूंना काय वाटेल याची धास्ती आहे. फरशी कशी वाचवावी? झालेले डाग जातील का? काकूंना आत्ताच सांगावे का?
एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील सासूबाईंच्या सूचनेपासून सुरुवात करते, कारण तिचे उत्तर एकदा ठरले की बाकीच्या गोष्टी त्यामागोमाग ठरवता येतात. मुलीला स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे असेच मी सांगेन. साधारण नवव्या महिन्यानंतर मुले अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत बारीक वस्तू धरायला शिकतात, आणि ताटातले एकेक शीत उचलून तोंडापर्यंत नेणे हा त्या शिकण्याचा सर्वांत चांगला सराव असतो. या वयात हात धरून ठेवला तर फरशी वाचेल हे खरे, परंतु वर्षभरानंतर हाच सराव, हीच सांडलवंड आणि हीच फरशी आपल्यासमोर पुन्हा उभी राहील, आणि तोवर मुलीच्या हातात बळही अधिक आलेले असेल. सासूबाईंच्या बोलण्यामागे नातीची आणि घराच्या इभ्रतीची काळजी आहे, तेव्हा त्यांना या कामात वाटा द्यावा. एक वाटी मुलीसमोर आणि दुसरी आजीच्या हातात असावी. मुलगी स्वतः खात असताना आजीने मधूनच एखादा घास द्यावा. पोट आजीच्या वाटीतून भरते, त्यामुळे मुलीच्या वाटीत एका वेळी दोन-तीन घासांहून अधिक वाढण्याची गरज राहत नाही, आणि जेवढे वाढलेले असते तेवढेच सांडू शकते.

आता फरशीकडे वळू. आपण ज्या दोन गोष्टी सांगितल्या आहेत, पिवळा डाग आणि पांढुरके ठिपके, त्या दिसायला एकाच जातीच्या वाटल्या तरी त्यांची कारणे अगदी वेगळी आहेत आणि म्हणून त्यांचे उपायही वेगळे आहेत. मार्बल म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट पदार्थातले आम्ल त्याच्याशी प्रक्रिया करते आणि दगडाचा वरचा, घासून चकचकीत केलेला पातळ थर खाऊन टाकते. ताकातले लॅक्टिक आम्ल, टोमॅटो आणि लिंबातले सायट्रिक आम्ल, चिंचेतले टार्टारिक आम्ल ही सगळी आपल्या रोजच्या जेवणात आहेत. आपल्या घरातील पांढुरके ठिपके बहुधा ताकाचे असावेत. तेथे काही लागलेले नाही, तेथले काहीतरी गेलेले आहे. म्हणून ते पुसून जात नाहीत. खात्री करून घ्यायची असेल तर खिडकीकडे तोंड करून फरशीजवळ बसावे आणि तिरप्या उजेडात पाहावे. डाग असेल तर रंग वेगळा पण चकाकी सलग दिसते. आम्लाने खाल्लेले असेल तर रंग तोच राहतो, चकाकी मात्र तुटलेली दिसते.

हळदीचे गणित निराळे आहे. हळदीचा पिवळा रंग, म्हणजे कुरकुमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात मात्र सहज विरघळतो. साधे वरण सांडले तर पुसता येते, पण त्यावर तुपाची धार असली की तोच रंग तुपाबरोबर दगडाच्या बारीक छिद्रांत उतरतो आणि मग नुसत्या ओल्या फडक्याने निघत नाही. याच रंगाचा आणखी एक स्वभाव आपल्या आज्या-पणज्यांना पक्का ठाऊक होता. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते, आणि जुन्या रीतीने कुंकू करताना याचाच उपयोग करत. कपडे धुण्याची पावडर किंवा धुण्याचा सोडा हेही चुन्यासारखे अल्कधर्मी असतात, त्यामुळे हळदीच्या ताज्या डागावर ते टाकले की पिवळ्याचा तांबूस डाग होतो, आणि घाबरलेली व्यक्ती मग आणखी जोराने घासू लागते. असे झाल्यास घाबरू नये. रंग बदलला आहे, वाढलेला नाही, आणि साध्या पाण्याने अल्क धुऊन काढले की तो पुन्हा पिवळ्याकडे वळतो.

यावरून जेवणाच्या वेळी काय करावे हे आपोआप समोर येते. बाजारातली उंच खुर्ची सोयीची असते, परंतु तिच्यावरून वाटी पडते ती कमरेएवढ्या उंचीवरून, आणि एवढ्या उंचीवरून पडलेले ताक चहूबाजूंना वार-दीड वारापर्यंत उडते. आपल्याकडे पाटावर बसून जेवण्याची पद्धत आहे. मुलीला लहानशा पाटावर किंवा नुसते खाली मांडी घालून बसवले, आणि तिची वाटी एका परातीत ठेवली, तर वाटी उलटली तरी पडण्याची उंची वीतभरच असते आणि सांडलेले बहुतेक परातीच्या काठाच्या आतच राहते. परात जड असावी, पितळेची किंवा जाड स्टीलची, म्हणजे मुलीला ती ओढता येत नाही. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी, भाड्याच्या तीन घरांत, परातीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झाला नाही. खरेदी केलेल्या मऊ चटया, तळाशी चिकटणाऱ्या रबरी वाट्या, खिशासारखी पुढची बाजू असलेली लाळेरी, यांतली लाळेरी तेवढी खरोखर कामाची. चिकटणारी वाटी परातीत चिकटवली तर चांगलीच, पण नुसत्या मार्बलवर चिकटवून मुलीने ती उपसून काढली की आतला पदार्थ नेहमीपेक्षा दूर उडतो.

परातीखाली काय अंथरावे हा पुढचा प्रश्न. बाळंतपणाच्या सामानात आलेले मेणकापड बहुतेक घरी पडून असते, ते उत्तम. ते अपुरे असेल तर मीटरवर मिळणारे जाड रेक्झिन घ्यावे, साधारण दीड मीटर लांब आणि तेवढेच रुंद. पण त्यावर एक जुने सुती अंथरूण, दुपट्याच्या जाडीची चादर किंवा जुनी साडी दुहेरी करून, अंथरणे मी आवश्यक समजते, आणि याला दोन कारणे आहेत. पहिले असे की नुसत्या रेक्झिनवर सांडलेले पातळ पदार्थ थांबत नाहीत, कडेपर्यंत वाहतात आणि फरशीवर उतरतात. सुती कापड ते जागीच शोषून घेते. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. ओले रेक्झिन फार निसरडे होते, आणि नुकती चालू लागलेली मुलगी जेवण संपताच त्यावरून उठून पळणार. याच कारणाने पातळ प्लॅस्टिकचा कागद कधीही अंथरू नये. तो पायात अडकतो, आणि लहान मुलाच्या तोंडावर आला तर श्वास कोंडण्याचा धोका असतो. वर्तमानपत्रही टाळावे, कारण ते ओले झाले की त्याची शाई मार्बलवर उतरते.

जेवण झाले की दोन्ही अंथरुणे उचलायची, सुती कापड खिडकीबाहेर झटकायचे, रेक्झिन दोन्ही बाजूंनी पुसून उभे वाळवायचे. आपल्यासारख्या घाईच्या घरात हे रेक्झिन दिवसभर तसेच अंथरून ठेवण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. त्याखाली ओल कोंडते, मार्बल ती ओल शोषून घेतो आणि काही महिन्यांनी तेवढाच चौकोन काळसर दिसू लागतो. कडा सरकू नयेत म्हणून चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद दगडात मुरतो आणि त्याभोवती धूळ बसून काळी रेघ उमटते. कडांवर पाट किंवा पुस्तकांचा गठ्ठा ठेवला तरी पुरते.

जेवणातही थोडा विचार करता येईल. मुलीचे वरण काढून घेऊन मग घरच्यांसाठी त्यात आमसूल किंवा चिंच घालावी. ताक हा तिच्या आवडीचा पदार्थ असेल तर ते बंद करू नका, फक्त तो एकच पदार्थ आजीच्या हातून, लहान पेल्याने पाजावा. नाचणीची पेज जरा आटवून सत्त्वासारखी दाट केली तर ती बोटाला चिकटते, उडत नाही. दाट वरण-भातही तसाच. हळद मात्र वगळा असे मी म्हणणार नाही. मुलीला घरच्या चवीची सवय लागायला हवी, आणि हळदीचा डाग ही सुटू शकणारी अडचण आहे.

तरीही सांडणारच. सांडले की क्रम असा ठेवावा. आंबट पदार्थ असेल तर तत्काळ, जेवण अर्धवट असले तरी, ओल्या फडक्याने टिपून साध्या पाण्याने पुन्हा पुसावे. मार्बलवर ताकाने खुणा उमटायला काही मिनिटेही पुरतात. बाकीचे पदार्थ जेवण संपेपर्यंत थांबू शकतात, आणि थांबावेतच, कारण मुलीच्या प्रत्येक घासामागे कुणीतरी फडके घेऊन धावत असेल तर तिचे लक्ष खाण्यावरून उडून त्या खेळाकडे जाते. तूप सांडले तर पुसून पसरवू नये. आधी टिपावे, मग त्या जागेवर मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर जाडसर पेरून रात्रभर ठेवावे, म्हणजे दगडात उतरलेले तूप तो ओढून घेतो. बेसन वापरू नका, त्याचा स्वतःचा पिवळेपणा पांढऱ्या दगडावर नको. वाळलेली नाचणी आणि भाताची शिते म्हणजे खळच. ती चाकूने किंवा तारेच्या घासणीने खरवडली की दगडावर ओरखडे उठतात. ओले फडके त्यावर १० मिनिटे ठेवावे आणि मग जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने उचलावे. दूध आणि अंडे सांडल्यास गार पाणी वापरावे, गरम पाण्याने त्यातली प्रथिने घट्ट बसतात. बीट सांडले तर धसका घेऊ नका. त्याचा रंग भडक दिसला तरी पाण्यात विरघळणारा असतो आणि लगेच गार पाण्याने पुसला तर बहुधा मागे काही राहत नाही.

रोजच्या पुसण्याला पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाचे दोन-चार थेंब पुरेत, आणि त्यानंतर साध्या पाण्याचा एक हात फिरवावा, कारण मुलगी खाली पडलेले शीत उचलून तोंडात घालणार हे आपण गृहीत धरले पाहिजे. व्हिनेगर, लिंबू, संडास स्वच्छ करण्याची आम्लयुक्त द्रावणे आणि ज्याला बाजारात नुसते ‘ॲसिड’ म्हणतात ते, यांतले काहीही मार्बलवर टाकू नका. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी असेच एक द्रावण हळदीच्या डागावर ओतले होते. डाग राहिला, आणि त्याच्याभोवती ताटाएवढी जागा कायमची खरखरीत झाली. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. बाळ असलेल्या घरात या दोन बाटल्या एका कपाटातही शेजारी ठेवू नयेत.

आता झालेल्या डागांविषयी. पिवळा डाग जाण्याची आशा चांगली आहे. आधी साबणाच्या पाण्याने त्या जागेचा तुपकटपणा काढावा आणि ती पूर्ण वाळू द्यावी. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मैदा कालवून श्रीखंडाइतका दाट लेप करावा, डागावर बोटाच्या निम्म्या जाडीने पसरावा, वरून प्लॅस्टिकचा तुकडा झाकून २४ तास ठेवावा, मग प्लॅस्टिक काढून लेप आपोआप वाळू द्यावा आणि अलगद उचलून जागा पाण्याने पुसावी. हे करताना हातमोजे घालावेत. आधी कपाटाखालच्या, नजरेआड असलेल्या जागी थोडासा लेप लावून पाहावा. पांढऱ्या मार्बलवर सहसा काही होत नाही, पण रंगीत किंवा गडद दगडाचा रंग त्याने फिका पडू शकतो. लेप असेपर्यंत त्यावर जड परात उलटी घालावी आणि मुलीला त्या खोलीत एकटे सोडू नये. एका लेपाने डाग फिका होतो, पुरता जायला दोन-तीन लेप लागू शकतात. याखेरीज ऊन हा हळदीवरचा फुकटचा उपाय आहे. कुरकुमिन प्रकाशात विघटन पावते, म्हणून साडीवरचा हळदीचा डाग उन्हात वाळवल्यावर फिका होतो. खिडकीतून ऊन येत असेल त्या वेळी पडदा सारून ते डागावर येऊ द्यावे.

पांढुरक्या ठिपक्यांवर घरगुती उपाय नाही. ते पॉलिश करूनच जातात, आणि ते काम मार्बल पॉलिश करणाऱ्या कारागिराचे आहे. तेवढेच ठिपके पॉलिश करून घेतले तर तेवढेच गोल आजूबाजूपेक्षा अधिक चमकून उठून दिसण्याची शक्यता असते, म्हणून आपण होऊन कुणाला बोलावू नका. आपली मुलगी अजून वर्षभर तरी असेच जेवणार आहे; आज पॉलिश केले तर वर्षाने पुन्हा करावे लागेल.

यातूनच शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निघते. काकूंना आत्ताच सांगावे, आणि मुलीला कडेवर घेऊन, त्यांना वर बोलावून, प्रत्यक्ष फरशी दाखवून सांगावे. काय झाले, कशाने झाले, आता आपण काय काय करता आहात, आणि घर सोडताना जेवणाच्या खोलीचे पॉलिश आपल्या खर्चाने, त्यांच्या पसंतीच्या कारागिराकडून करून देण्याची आपली तयारी आहे, हे स्वच्छ शब्दांत सांगावे. हे बोलणे मग व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहूनही पाठवावे. खोलीची आजच्या तारखेची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि घर घेताना काढलेली असतील तर तीही शोधून ठेवावीत. करारपत्र पुन्हा एकदा वाचावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अशा करारात घर परत करण्याच्या स्थितीविषयी बहुधा एखादे वाक्य असते. तेथे ‘वाजवी झीज वगळता’ असे शब्द आहेत का हे पाहावे. पुढच्या ११ महिन्यांच्या करारात फरशीच्या स्थितीचे एक छोटे परिशिष्ट जोडण्याची विनंती आपण स्वतः केलीत, तर काकूंनाही आपल्या हेतूविषयी शंका उरणार नाही. ज्या बाईंनी पांढरी फरशी जपायला सांगूनही लहान बाळाच्या आईवडिलांना घर दिले, त्यांना डाग दिसण्याआधी सत्य कळावे एवढा त्यांचा अधिकार नक्कीच आहे.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो. माझ्या मालकीची एक सदनिका मी एका कुटुंबाला भाड्याने दिली होती. घरात जुन्या पद्धतीच्या मोझाइक टाइल्स आहेत. कुटुंबाला दोन लहान मुले होती. त्यांनी घर सोडल्यावर स्वयंपाकघरातल्या टाइल्स निस्तेज झालेल्या, सांधे पिवळे पडलेले आणि एका कोपऱ्यात टाइल फुटलेली आढळली. सगळ्या फरशीच्या पॉलिशचा खर्च अनामत रकमेतून कापणे योग्य ठरेल का?
एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळ्या फरशीचा खर्च कापणे मला योग्य वाटत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेकरूने मालमत्ता जशी मिळाली तशी परत करावी असे म्हटले आहे, पण त्याच वाक्यात वाजवी झीज वगळलेली आहे. आपला करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर त्यातील शब्द निर्णायक ठरतात, तरी न्यायाची दृष्टी हीच ठेवावी. मोझाइकमध्ये सिमेंटात मार्बलच्या कपच्या बसवलेल्या असतात, आणि आंबट पदार्थांनी सिमेंट व मार्बल दोन्ही झिजतात. जेथे रोज स्वयंपाक होतो तेथे मुले नसतानाही काही वर्षांत ती निस्तेज होतात. सांध्यांतले सिमेंट सच्छिद्र असते, ते हळद धरतेच. याला झीज म्हणावे. फुटलेली टाइल हे नुकसान आहे, आणि तिचा खर्च, कारागिराची पावती दाखवून, कापण्यात काही गैर नाही. यापुढे भाडेकरू ठेवण्याआधी आपण स्वयंपाकघरातले सांधे खरवडून त्यांत इपॉक्सी भरून घेतलेत तर हळद आणि तेल आत मुरणार नाही. आणि लहान मुले आहेत म्हणून घर नाकारू नये, ही माझी आपल्याला मनापासूनची विनंती आहे. घर शोधणाऱ्या तरुण आईवडिलांची पत्रे माझ्याकडे येतात, आणि ती वाचून मन जड होते.

प्रश्न : आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हन येथे भाड्याच्या घरात राहतो. येथे लाकडासारखी दिसणारी लॅमिनेटची जमीन आहे. मुलगा अडीच वर्षांचा असून जेवताना दुधाचा आणि आमटीचा पेला रोज उलटतो. मी भारतातल्या सवयीने ओल्या पोछ्याने भरपूर पाणी घेऊन पुसते. काही पट्ट्यांच्या कडा फुगल्यासारख्या वाटतात. मी काय चुकते आहे?
एक वाचक, आइंडहोव्हन

उत्तर : आपले चुकते ते पाण्याचे प्रमाण. आपण दगडाच्या आणि टाइलच्या फरश्यांवर वाढलो, तेथे पाणी ओतून पुसणे म्हणजेच स्वच्छता. लॅमिनेटच्या वर टणक, डाग न धरणारा थर असतो, त्यामुळे हळदीची किंवा ताकाची चिंता तेथे फारशी नाही. पण त्या थराखाली लाकडाच्या भुश्याचा दाबलेला गाभा असतो, आणि पट्ट्यांच्या सांध्यांतून पाणी आत गेले की तो फुगतो. फुगलेली कड वाळली तरी पूर्ववत बसत नाही. म्हणून सांडलेले आधी कोरड्या कापडाने टिपावे, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे, आणि शेवटी पुन्हा कोरडे कापड फिरवावे. सांध्यावर दूध एक मिनिटही साचू देऊ नये. मुलाच्या खुर्चीखाली, कडेपासून चहूबाजूंना हातभर बाहेर येईल एवढे मेणकापड अंथरावे, त्यावर सुती चादर असावी, आणि जेवणानंतर दोन्ही उचलावे. खुर्चीच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवावेत, कारण लॅमिनेटवर ओरखडा उठला तर तो घासून काढता येत नाही. पेला अर्ध्याहून कमी भरावा. अडीच वर्षांच्या मुलाला ‘संपले की पुन्हा मागायचे’ हे समजते आणि मागायला आवडतेही.

घर ताब्यात घेताना त्याच्या स्थितीचे लेखी वर्णन दोन्ही बाजूंनी केले होते का, हे कागदपत्रांत शोधावे. नेदरलँड्सच्या कायद्यानुसार तसे वर्णन केलेले नसेल तर भाडेकरूला घर सोडतानाच्या स्थितीतच मिळाले होते असे गृहीत धरले जाते, आणि उलट सिद्ध करण्याचा भार घरमालकावर येतो. वर्णन केलेले असेल आणि त्यात जमीन सुस्थितीत असल्याचे नमूद असेल, तर फुगलेल्या पट्ट्या मोजून ठेवाव्यात आणि घरमालकाला आत्ताच कळवून, त्याच बनावटीच्या पट्ट्या त्यांच्याकडे शिल्लक आहेत का हे विचारावे. पुष्कळदा जमीन बसवताना एखादा खोका जास्तीचा घेतलेला असतो आणि तो तळघरातल्या किंवा सामानाच्या खोलीत पडून असतो. तो सापडला तर तेवढ्याच पट्ट्या बदलून काम भागते.